झटकलेले केस

मांजराच्या केसाला मरण नाही, असं उज्ज्वला शेटेचं अनुभवाचं मत होतं. गादी विरते, पडदा फाटतो, माणूसही एक दिवस जातो. पण सोफ्याच्या शिवणीत शिरलेला केस तिथंच दबा धरून बसतो आणि पाहुणा उठायला लागला की नेमका त्याच्या काळ्या पँटवर प्रकट होतो. दुसऱ्या कुणाच्या घरी हे हसण्यावारी गेलं असतं. उज्ज्वलाच्या सांगलीतल्या घरातून मात्र चकल्या, शंकरपाळ्या आणि शेव पार टोरांटोपर्यंत जात होती. चकलीत एक केस निघाला असता तर बारा वर्षांत कमावलेलं नाव पाण्यात गेलं असतं.

आणि तरीही तिनं मांजर पाळलं होतं. सहा वर्षांपूर्वी ऐन दिवाळीच्या गर्दीत, अंगणात उपड्या घातलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्याखाली डोळेही न उघडलेलं एक पिल्लू ओरडताना सापडलं. एका हातानं सोऱ्या दाबत आणि दुसऱ्या हातानं कापसाच्या वातीनं दूध पाजत तिनं ते जगवलं. रंग भाजलेल्या डाळीच्या पिठासारखा, म्हणून नाव बेसन. त्याचा पुढे सात किलोंचा बोका झाला. नवरा राजशेखर म्हणायचा, लोक बेसनात हात घालतात, आमच्याकडे बेसनच सगळीकडे हातपाय घालतो.

केसांवर उज्ज्वलानं करायचे ते सगळे उपाय केले होते. व्हॅक्यूमच्या नळीला लावायच्या तोंडांनी एक अख्खं कपाट भरलं होतं. फिरत्या ब्रशचं तोंड आठ दिवसांत केसांनी असं गुंडाळलं जाई की कात्रीनं सोडवत बसावं लागे. रबरी दात्यांचं तोंड सतरंजीवर चांगलं चाले, सोफ्यावर नुसतंच घासे. चपट्या चोचीचं होतं ते शिवणीत जाई, पण केसाऐवजी शिट्टीच जास्त काढी. शेवटी खरं काम करायचा तो जुना रबरी हातमोजा. तो ओला करून एकाच दिशेनं फिरवला की केसांच्या वळकट्या निघत. पण असे चार सोफे पुसले की मनगट रात्रभर ठणके.

शिवाय तिचा एक नेम होता आणि तो कधी चुकला नाही. सकाळी सहाला ती ठरलेली निळी सुती साडी नेसून गच्चीवर खुर्ची टाकून चहा घेई. तेवढा अर्धा तास बेसन मांडीवर असे. मग ती उठे, न्हाणीघरात जाऊन ती साडी सोडी, गच्चीच्या तारेवर दहा वेळा झटके, लगेच धुऊन पिळून काढी आणि स्वयंपाकघराची वेगळी साडी नेसून आत जाई. आत गेली की दार बंद. मग संध्याकाळपर्यंत बेसनला त्या उंबऱ्याच्या आत पाऊल नाही.

सन २०३८च्या मार्चमध्ये घरगुती खाद्यपदार्थांच्या परवान्याचा नियम बदलला. घरात जनावर असेल तर दर महिन्याला केसांचा अहवाल देणं सक्तीचं झालं. त्यासाठी बाजारात नवं तोंड आलं होतं, ते उज्ज्वलानं मागवलं. दिसायला ते कपड्याच्या ब्रशएवढंच होतं.

त्यामागचं शास्त्र तिला रेवतीनं समजावलं. रेवती ही तिची धाकटी जाऊ, वरच्या मजल्यावर राहणारी. केस कापडाला दोन कारणांनी चिकटतो, ती म्हणाली. एक तर त्याच्या अंगावर बारीक खवले असतात, ते धाग्यात अडकतात. दुसरं म्हणजे घासून घासून केसावर विजेचा भार येतो, फुगा डोक्यावर घासला की येतो तसाच. हे तोंड आधी दोन्ही तऱ्हेचे भारित कण सोडून केसावरची वीज मारतं. मग कानाला ऐकू न येणाऱ्या कंपनांनी कापड थरथरवतं, की खवले सुटतात. वर आलेला केस हवेत तरंगतो आणि नळीत जातो. ना गुंता, ना कात्री. उज्ज्वलानं जुन्या सोफ्यावरून ते एकदा फिरवलं आणि सोफ्याचा मूळ रंग हिरवा होता हे तिला नव्यानं कळलं.

पण यंत्र इथंच थांबत नव्हतं. जाणारा प्रत्येक केस त्यात एका प्रकाशझोतासमोरून जाई. केस माणसाचा की जनावराचा, की तो केस नसून नुसता धागा आहे, हे त्यावरून कळे. नियमाला तेवढंच हवं होतं. कंपनीनं मात्र पुढची पायरी गाठली होती. मांजर घाबरलं, अस्वस्थ झालं की भराभर केस झाडतं. डॉक्टरच्या टेबलावर ठेवलेल्या मांजराखाली गालिचा पसरतो तो त्यामुळंच. त्या केसाच्या मुळाशी तेलाचा एक सूक्ष्म थेंब असतो, आणि ताणाच्या वेळी रक्तात वाढणारं कॉर्टिसॉल त्यात उतरतं. यंत्र ते थेंब वाचून केसांची दोन गटांत वाटणी करी. निवांत केस फोनवर हिरवे दिसत, ताणाचे लाल. कुठल्या जागी मांजर सुखात असतं आणि कुठं नाही, याचा घराचा नकाशाच तयार होई.

पहिल्या आठवड्यात सगळं घर झाडून झाल्यावर रेवतीनं ते तोंड वरच्या मजल्यासाठी मागून नेलं. संध्याकाळी उज्ज्वलाच्या फोनवर अहवाल आला. स्वयंपाकघरात शून्य केस. ती खूश झाली. मग तिनं खालच्या ओळी पाहिल्या. हॉल, निम्मे निम्मे. स्वयंपाकघराचा उंबरा, बाहेरची बाजू: एक्क्याऐंशी टक्के लाल. वरचा सोफा, रेवती: चौऱ्याण्णव टक्के निवांत.

तिनं ते दोनदा वाचलं. कुणीतरी नाकाखाली मिरची धरावी तसं झालं.

रेवती या घरात येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. दीर शिवराजची बदली सांगलीला झाली तेव्हा ती दोघं वर राहायला आली. रेवती दिवसभर सोफ्यावर पाय घेऊन संगणकावर कंपनीचं काम करी. तिला मूलबाळ नव्हतं, उज्ज्वलाचा मुलगा पुण्याला होता, आणि दोघींचं आजवर बरं चाललं होतं. रेवती तिला अक्का म्हणे, सणाला हाताखाली राबे. पण त्या संध्याकाळपासून उज्ज्वलाला रेवतीचं सगळंच खुपायला लागलं. वातीनं दूध पाजलं कुणी? जंताचं औषध देताना ओरबाडून घेतलं कुणी? आणि आता ही आयत्या बिळावर नागोबा.

कारणही तिनं शोधून काढलं. शेट्यांचं घर शुद्ध शाकाहारी. बेसनला खाली दहीभात आणि दुकानातलं कोरडं खाणं मिळे. रेवती मात्र माशांची छोटी पाकिटं मागवून गॅलरीत फोडायची. हा सरळसरळ फितवण्याचा प्रकार होता. चार दिवस विचार करून उज्ज्वलानंही, नवऱ्याच्या नकळत, सुके बोंबील आणवले आणि नाकाला पदर लावून बेसनपुढे ठेवले. बेसननं ते खाल्ले, मिश्या पुसल्या आणि दुपारी एकला तो नेहमीप्रमाणे जिना चढून वर गेला. बोंबलांच्या डब्याचा वास आठ दिवस गेला नाही. राजशेखर घरभर गॅसची गळती शोधत फिरला.

मग ती यंत्राच्याच मागं लागली. रोज उंबऱ्यावर तोंड फिरवी, रोज लालच. स्वयंपाकघरातला चकलीचा यंत्रसोऱ्या सुरू झाला की आवाज होतो हे खरं, पण तिच्या मनानं निराळंच घेतलं. आपल्या दाराशी तो भेदरलेला असतो, आपण त्याला नकोशा आहोत. वरचा सोफा झाडून देते असं सांगून ती रेवतीकडे जाई आणि आकडा बघून जळत खाली येई. राजशेखर एकदा म्हणालाही, मांजर समोर आहे, त्याच्याकडे बघ की, हातच्या काकणाला आरसा कशाला? तिनं त्याला सांगितलं, तुम्हाला शास्त्रातलं काही कळत नाही.

सकाळचा अर्धा तास तसाच चालला होता. पण मांडीवर बेसन घुरघुरत असताना ती चहा सोडून फोनवर कालचे आकडे बघत बसे. नेसत्या साडीवर यंत्र फिरवायचं तिला कधी सुचलं नाही. साडी ही झटकून पिळायची वस्तू, ती काय व्हॅक्यूम करायची? नकाशात घरातली तेवीस ठिकाणं होती. तिची मांडी नव्हती.

श्रावणात शिवराजची बदली हुबळीला झाली. सामान बांधायला घेण्याआधी रेवती खाली आली आणि बराच वेळ वेलची निवडत बसली. मग म्हणाली, "अक्का, रागावणार नसाल तर विचारते. बेसनला मी नेऊ का? तुमचा दिवस कामात जातो. तो तिथं दाराशी बसून असतो, आणि केस तर तुम्ही बघताच. माझ्याकडं तो निवांत असतो."

तिच्या आवाजात कसलाही खवचटपणा नव्हता. हेच उज्ज्वलाला सहन झालं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. नाही म्हणायला तिच्याकडे शब्द होता, पुरावा नव्हता. आणि ज्याला आपण नको आहोत त्याला धरून ठेवणाऱ्यांतली ती नव्हती, निदान तसं दाखवण्याइतका ताठा तिच्यात होता.

"घेऊन जा," ती म्हणाली, आणि वेलचीचं ताट उचलून आत गेली.

जाण्याच्या दिवशी ती मुद्दाम भट्टीपाशी राहिली. बेसन टोपलीतून ओरडत होता ते मोटार वळेपर्यंत ऐकू आलं. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर मत्सर जास्त होता. आता रोज सकाळी त्याला मांडीवर घेऊन रेवती चहा पीत असेल, हे चित्र तिला झोपेतही दिसायचं. रेवतीचे फोटो येत. फोटोखाली नेहमी एकच ओळ असे, की बेसन मजेत आहे. उज्ज्वला फोटो मोठा करून तो वाळलाय का ते बघे. जरासा वाळलेला वाटला की तिला वाईट वाटे आणि लगेच बरंही वाटे. या दुसऱ्या वाटण्याची तिला लाज वाटायची.

परदेशच्या ऑर्डरी दिवाळीआधी महिनाभर सुटतात, म्हणून शेट्यांकडची साफसफाईही लवकर होते. त्या दिवशी राजशेखर शिडीवर चढून गच्चीवरच्या पत्र्याखालची वळचण झाडत होता. चिमण्या पिल्लं घेऊन कधीच उडून गेल्या होत्या. त्याच्या केरसुणीनं एक जुनं घरटं सुटलं आणि थेट उज्ज्वलाच्या पायाशी, कपडे वाळत घालायच्या तारेखाली पडलं.

ते काटक्यांचं नव्हतंच. बाहेरून चार काड्या आणि दोरा, आतून सगळी गादी. गादीचा रंग भाजलेल्या बेसनाचा होता.

ती खाली बसली. घरटं हातात घेऊन कितीतरी वेळ बोटानं चाचपत राहिली. मग उठून व्हॅक्यूम आणलं. राजशेखर शिडीवरून विचारत राहिला की घरट्याला कोण व्हॅक्यूम करतं. तिनं यंत्राचं तोंड घरट्यावरून फिरवलं. जागेचं नाव विचारलं तिथं काय लिहावं हे तिला कळेना, म्हणून तिनं नुसतं 'तार' लिहिलं.

फोनवर आधी सूचना आली की नमुना जुना आहे, तेल सुकलं आहे, खात्री मध्यम. मग आकडे. मांजराचे केस, दोन हजार तीनशे सहा. निवांत, सत्त्याण्णव टक्के. त्याखाली एक ओळ होती, जी ती नेहमी न वाचता सोडून द्यायची: सुती धागा, निळा, एकशे बारा तुकडे.

रेवती कधीच साडी नेसत नव्हती. गच्चीवर सकाळी सहाला येणारी निळी सुती साडी या घरात एकच होती, आणि ती दररोज याच तारेवर, याच वळचणीखाली दहा वेळा झटकली जात होती. बेसन जे काही तिला देत होता ते ती रोज सकाळी झटकून टाकत होती आणि मग दिवसभर घरात शोधत होती. चिमण्यांनी मात्र ते टाकलं नव्हतं. उज्ज्वला तारेखाली बसून रडली. राजशेखर शिडीवरून उतरला आणि शेजारी बसला.

त्याच आठवड्यात रेवतीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती अडखळत म्हणाली की बेसन खात नाही. आल्यापासूनच नीट खात नव्हता, पण तिनं सांगितलं नव्हतं. दाराशी बसून राहतो, दार उघडलं की बाहेर बघतो आणि परत बसतो. मग ती म्हणाली, "अक्का, डॉक्टर म्हणतात ओळखीचा वास ठेवून बघा. तुमची एखादी न धुतलेली साडी पाठवाल?"

उज्ज्वलानं कपाट उघडलं. बेचाळीस साड्या होत्या. प्रत्येक धुतलेली, खळ घातलेली, इस्त्रीची. टोपलीत बघितलं, तिथंही काही नव्हतं. जे काय मळलं होतं ते सकाळीच पिळून झालं होतं. ज्या टापटिपीचा तिला जन्मभर अभिमान होता तिनं घरात तिच्या वासाचं एक फडकंही शिल्लक ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टोरांटोचा माल भरायचा होता. तिनं कामाला येणाऱ्या दोन्ही बायकांना माप समजावून सांगितलं, राजशेखरला भट्टीवर उभं केलं, निळी साडी नेसली आणि विजेवरच्या बसनं हुबळी गाठली.

पोचली तेव्हा बेसन दाराशीच होता. तो धावत वगैरे आला नाही. त्यानं तिच्या निऱ्या हुंगल्या, तोंड वळवलं आणि शेपटी तिच्या पायाला लावून उभा राहिला. बरगड्या हाताला लागत होत्या. रेवतीनंही तसलंच यंत्र घेतलं होतं. तिनं न विचारताच फोन पुढे केला. दाराचा उंबरा, आतली बाजू: शहाऐंशी टक्के लाल.

सांगलीच्या उंबऱ्यावर एक्क्याऐंशी होते. उज्ज्वला दोन्ही आकडे मनात शेजारी ठेवून बघत राहिली. दोन्हीकडं दार बंद होतं आणि दोन्हीकडं ती दारापलीकडं होती. तो तिला भीत नव्हता. तो वाट बघत होता. घाबरणं आणि वाट बघणं यांतला फरक त्या तेलाच्या थेंबात उतरत नाही, हे कंपनीनं कुठंच छापलं नव्हतं.

सकाळी सहाला ती गॅलरीत चहा घेऊन बसली. बेसन आला, मांडीवर चढला, दोनदा गोल फिरला आणि नाक शेपटीत खुपसून झोपला. ती यावेळी फोनकडे बघत नव्हती. अर्ध्या तासानं ती सवयीनं उठून पदर झटकणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"थांबा अक्का, झटकू नका."

रेवती यंत्र घेऊन उभी होती. ती कधीची तिथं होती कोण जाणे. तिनं खाली बसून उज्ज्वलाच्या मांडीवरून एकदाच त्याचं तोंड फिरवलं आणि फोनकडे पाहिलं. अठ्ठ्याण्णव. तिनं फोन हळूच उपडा ठेवला. ओठ मिटलेले, नजर बेसनवर आणि मान जरा जास्तच ताठ. तो चेहरा उज्ज्वलाच्या चांगला ओळखीचा होता. गेले सहा महिने तो तिच्याच मानेवर होता.

"मला वाटायचं, तो दुपारी माझ्यासाठी वर येतो," रेवती शेवटी म्हणाली. "तुमचं दार बंद असायचं म्हणून येत होता."

तुझ्या सोफ्यावरचे चौऱ्याण्णवही खोटे नव्हते गं, तिथंही तो सुखात होता, असं उज्ज्वला म्हणाली. हे खरंच होतं. पण ते बोलताना आतून एक गोड उकळी फुटत होती तीही खरी होती, आणि ती तिनं गिळली.

रेवती आत गेली आणि टोपली घेऊन आली. टोपली तिनं स्वतःच उघडून ठेवली.

"घेऊन जा," ती म्हणाली, आणि चहाचे कप उचलून आत गेली.

या दोन शब्दांना काय किंमत पडते हे उज्ज्वलाइतकं कुणाला ठाऊक असणार? क्षणभर तिला वाटलं, राहू दे, म्हणावं. पण बेसनच्या बरगड्या आठवल्या आणि तिनं टोपली उचलली.

सांगलीपर्यंत टोपलीचं झाकण उघडंच राहिलं आणि बोका सगळा वेळ तिच्या मांडीवर होता. घरी आली तेव्हा भट्टी पेटलेली होती, शंकरपाळ्या जरा जास्त लाल झाल्या होत्या आणि राजशेखर पिठानं माखला होता. तिनं न्हाणीघरात जाऊन साडी बदलली. निळी साडी हातात घेऊन ती तारेपाशी गेली, हात वर उचलला आणि खाली घेतला. मग ती न झटकता नीट घडी घातली, केस आत राहतील अशी, आणि खोक्यात भरली. वर चकल्यांची दोन पाकिटं ठेवली आणि हुबळीचा पत्ता घातला.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराला खालच्या अंगाला काच बसली. बेसन बाहेर, ती आत, पण दोघं एकमेकांना दिसत.

साडी पोचल्याचा रेवतीचा निरोप आला. बाकी काही नव्हतं. तिनं घडी उलगडून त्यावरून यंत्र फिरवलं असणार, हे उज्ज्वलाला पक्कं माहीत होतं. तिच्या जागी तिनंही तेच केलं असतं. किती टक्के आले ते तिनं रेवतीला कधी विचारलं नाही. विचारावंसं मात्र रोज सकाळी सहाला वाटत राहिलं.